हजेरीपत्रकावरील बोगस नावे बायोमेट्रिकने कशी गाळावीत

कोल्हापूरसारख्या शहरात सफाई कामगारांची हजेरी पहाटे मुकादम घेतो आणि बोगस नाव बहुधा तिथेच शिरते. म्हणून मशीन बसवण्याआधी मंजूर पदे, सेवापुस्तके आणि वेतन देयके एकमेकांशी ताडून पाहावीत. त्यानंतर प्रत्येकाला समक्ष बोलावून दहाही बोटांचे ठसे व दोन्ही बुबुळे नोंदवावीत आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या सर्व नोंदींशी जुळवावी, कारण एकच माणूस दोन नावांनी पगार घेत असेल तर तो या जुळवणीतच सापडतो. नुसत्या रोजच्या हजेरीत नाही. पंचगंगेला पूर येण्याच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, ही नोंदणी ठेवूच नये; तेव्हा बरीच माणसे निवारा केंद्रांवर राबत असतात.

खराट्याने झिजलेल्या बोटांचा ठसा अनेकदा उमटत नाही. अशा कामगाराला बोगस न ठरवता त्याचे बुबुळ किंवा चेहरा तपासावा. जे आलेच नाहीत, त्यांची रजा, आजारपण किंवा प्रतिनियुक्ती यांची खातरजमा करून आणि लेखी नोटीस देऊनच नाव वगळावे. नोंदणी करणाऱ्याच्या हाती वेतन देयकावरील सही देऊ नये. शेवटी ही नोंद पगाराच्या प्रणालीशी जोडावी. एरवी मशीन भिंतीवर लुकलुकत राहते आणि पगार जुन्याच यादीप्रमाणे निघतो.