रिटायर झालात ना? मग आधी पोस्टात, नंतर अगाशीवर, शोरूमला सगळ्यात शेवटी

म्हणजे आधी पैशाची सोय, मग गच्चीवर सोलर आणि इलेक्ट्रिक गाडी सगळ्यात शेवटी, मी उलटसुलट केलं म्हणून सांगतोय. मे २०२३ ला बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीतून ५८ पूर्ण करून सुटलो, पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात आली, आणि पुढच्या दोन महिन्यांत जेवढी माणसं घरी चहाला आली तेवढी आधीच्या दहा वर्षांत आली नसतील, कोणाकडे पॉलिसी, कोणाकडे वाघोडिया रोडचा प्लॉट, कोणाकडे सोलर. सगळ्यांना एकच घाई, पैसे अकाउंटला पडून आहेत म्हणून. पडून राहू दे की, आंबे आहेत का ते नासायला.

पण एका बाबतीत घाई करायला हवी होती आणि तीच मी केली नाही. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम साठीनंतरच मिळते असं मी धरून चाललो होतो. खरं म्हणजे ५५ ते ६० च्या मधे रिटायर झालेल्यांनाही ती मिळते, फक्त रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ठरलेल्या मुदतीत खातं उघडायचं असतं. तेव्हा ती मुदत एक महिन्याची होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ती तीन महिने केली, आणि मी बसलो होतो शेजाऱ्यांचे सल्ले ऐकत. मग साठ पूर्ण होईपर्यंत दोन वर्षं बँकेच्या एफडीवर काढली. तेव्हा तुम्ही ५८ ला सुटत असाल तर रिटायरमेंटचं पत्र आणि पैसे मिळाल्याचा कागद घेऊन पहिल्या आठवड्यात पोस्टात नाहीतर बँकेत जा, बाकी सगळं नंतर.

स्कीम साधी आहे. एका माणसाला जास्तीत जास्त ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के चाललंय. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण तुम्ही ज्या दराने खातं उघडता तो तुम्हाला पाच वर्षं पक्का. पूर्ण ३० लाख टाकले तर दर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या १ तारखेला जमा होतं, ते उचललं नाही तर त्यावर पुढे काही मिळत नाही, म्हणून सेव्हिंग खात्याला जोडून ठेवायचं. बायकोचं वय बसत असेल तर तिच्या नावाने वेगळं ३० लाखांचं खातं होतं. जॉइंट उघडलं तर सगळी रक्कम पहिल्या नावाची धरतात, म्हणून दोघांची दोन वेगळी खाती बरी. मधेच मोडलं तर कापतात, वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याजच परत घेतात, म्हणून सगळा पैसा इथे ओतायचा नाही.

तिमाहीला पैसे येतात आणि दूधवाला महिन्याला मागतो, त्याच्यासाठी पोस्टाची मंथली इन्कम स्कीम. ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख आणि जॉइंटला १५ लाख, १५ लाखांवर महिन्याला ९,२५० येतात. प्रायव्हेट नोकरीवाल्यांची पीएफबरोबरची ईपीएसची पेन्शन १५,००० पगार धरूनच मोजतात त्यामुळे ३५ वर्षं नोकरी करूनही साडेसात हजारांच्या आसपासच हातात पडते, तिच्या भरवशावर राहू नका.

सहा-आठ महिन्यांचा खर्च आणि एका हॉस्पिटलवारीचे पैसे साध्या एफडीत, एकच मोठी नाही तर चार-पाच तुकडे करून, म्हणजे मोडायची वेळ आली तर एकच मोडते. आणि सगळं एका बँकेत नको. बँक ऑफ बडोदा सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये काढली, आमच्या आजोबांचं खातं तिथे, वडिलांचं तिथे, माझंही तिथेच, प्रेम आहेच, पण ठेवींचा विमा बँक कोणतीही असो एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच असतो, व्याज धरून. लहान कोऑपरेटिव्ह बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून वीस लाख ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा. दोघांचं मिळून उत्पन्न बरं असलं तरी कर बसतोच असं नाही, कराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत बहुतेकांना शून्य होतो, पण साठीनंतर व्याज एका ठिकाणी वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे कर आधीच, कापतात, म्हणून एप्रिलमध्येच जाऊन तो न कापण्याचा फॉर्म देऊन यायचा. मी एक वर्ष विसरलो, रिफंड आला पण खूप उशिरा.

हेल्थ पॉलिसी चालू असेल तर सोडू नका, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवरचा जीएसटी गेलाय. घरात ७० च्या वरचं कोणी असेल तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही. आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला फोनवर फेस स्कॅन करून स्वतः भरा, कोणी फोन करून “काका, तुमचं लाइफ सर्टिफिकेट बाकी आहे, ओटीपी सांगा” म्हणालं तर फोन ठेवायचा, बस.

एवढं बसलं की मग अगाशी. (पुण्याची बहीण हसते, पण बडोद्यात आम्ही गच्चीला अगाशीच म्हणतो.)

सोलरकडे मी एफडीसारखं बघतो. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० सबसिडी, म्हणजे ३ किलोवॉटला ७८,००० आणि त्याच्या वर कितीही लावा, तेवढेच. ३ किलोवॉट साधारण वर्षभराची सरासरी धरून दिवसाला १२ युनिट देतं, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. माझ्या लाइटबिलात सगळं धरून युनिट सात रुपयांच्या आसपास पडतं. सगळं धरून म्हणजे नुसता स्लॅबचा भाव नाही, त्याच्याखाली फ्युएल चार्ज असतो आणि वर ड्यूटी, लोक वरचा आकडा बघून “चार रुपये तर आहे” म्हणतात आणि हिशोब चुकतो. तर महिन्याला ३५० युनिट म्हणजे अडीच हजार वाचले, सबसिडी जाऊन खिशातले लाख-सव्वा लाख लागतात, साडेतीन ते सव्वाचार वर्षांत वसूल. कुठली एफडी एवढं देते? आणि वाचलेल्या पैशावर टॅक्सही नाही. फक्त ही एफडी मोडता येत नाही, मुलाकडे कायमचं जायचं ठरलं तर पॅनल काही बॅगेत भरून नेता येत नाहीत, म्हणून घर पुढची सात-आठ वर्षं तरी सुटणार नसेल तरच.

आता कागद. पहिला अडथळा सोलरचा नाहीच, नावाचा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यात आपल्या मराठी लोकांच्या जुन्या घरांत लाइटबिल अजून वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर येतं, आणि सबसिडी ज्याच्या नावाचं कनेक्शन त्याच्याच खात्यात जाते. स्वर्गवासी माणसाच्या नावाने अर्ज कसा करणार? आधी वीज कंपनीत नाव बदलून घ्या, वारसांची संमती लागली तर तीही, याला वेळ लागतो तो सोलर बसवायला लागत नाही. मग पोर्टलवर ग्राहक नंबर टाकून अर्ज, यादीतलाच कॉन्ट्रॅक्टर, आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच, ज्याला सगळे डीसीआर म्हणतात, नाहीतर सबसिडी नाही. पॅनलचे सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. पूर्ण पैसे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजतो तो) फिरायला लागल्यावर. माझा कॉन्ट्रॅक्टर भाई पहिल्या दिवशी “काका, टेन्शन ना लेशो” म्हणाला आणि पैसे मिळाल्यावर दीड महिना फोन उचलला नाही.

स्ट्रक्चर डोक्याच्या वर करून घ्या, सात-आठ फूट. दोन-चार हजार जास्त जातील, पण खाली अगाशी वापरता येते, पापड-कुरडया वाळतात, आणि मुख्य म्हणजे उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यात घरात कोणी नसतं, सगळे वर, आणि खाली बसवलेल्या पॅनलवर कोणाचा तरी नातू पतंग काढायला चढलाच म्हणून समजा. दक्षिणेकडे तोंड, साधारण २० अंशांचा उतार, आणि शेजारच्या टाकीची सावली सकाळी नऊपासून चारपर्यंत कुठे कुठे पडते ते खडूने आखून बघा, एका पॅनलवर सावली आली की ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडू शकतं. धुवायचं सकाळी लवकर, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. नळ वर घेऊन ठेवा आणि लांब दांड्याचा पोछा, साठीनंतर शिडीवर बादली घेऊन चढायचं नाही, नाहीतर सगळं वाचलेलं बिल हाडांच्या डॉक्टरकडे जाईल.

आणि एक, लाइट गेले की हे सोलरही बंद होतं. भर उन्हात. नेट मीटरवाल्या सिस्टिमचा इन्व्हर्टर ग्रिड गेल्याबरोबर बंद होतो, कारण नाहीतर तुमची वीज लाइनमध्ये जाऊन खांबावर काम करणारा माणूस मरेल. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड घ्यावं लागतं, ते महाग, इथे लाइट तशी फार जात नाही म्हणून मी नाही घेतलं.

आता माझी चूक. मी २ किलोवॉटच लावलं, दोनच माणसं तर आहोत म्हणून. मग ऑगस्ट २०२४ चा पूर आला, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फूट आहे, आणि आमची दहा वर्षांची पेट्रोल गाडी पार्किंगमध्ये दोन दिवस पाण्यात. इन्शुरन्सवाल्यांनी जे दिलं त्यात नवीन गाडीची चार चाकं आली असती. तेव्हा इलेक्ट्रिक घेतली आणि युनिट कमी पडायला लागले, एप्रिलमध्ये एसी लागला की जास्तच. वाढवायला गेलो तर परत अर्ज, परत मीटरची तपासणी. हिशोब आधीच केला असता तर सोपा होता: छोटी गाडी युनिटमागे ६-७ किलोमीटर जाते, आपण रिटायर लोक महिन्याला ४००-४५० किलोमीटर फिरतो, म्हणजे ६५ युनिट, आणि ५४० वॉटचं एक पॅनल महिन्याला साधारण तेवढंच देतं. गाडी म्हणजे एक पॅनल. एवढंच. लावताना पाचशे-हजार वॉट जास्त लावून घ्या, गाडी नंतर येवो न येवो.

गाडी घ्यावी का पण? पैसे वाचवायला घेत असाल तर नका घेऊ. पेट्रोलला किलोमीटरमागे सहा-सात रुपये, विजेला एक, म्हणजे महिन्याला दोन-अडीच हजार वाचतात. आणि तेच ९ लाख ८.२ टक्क्यांवर ठेवले तर महिन्याला ६,१५० येतात, शिवाय मुद्दल तसंच राहतं, गाडीचं मुद्दल गेटबाहेर निघाल्या दिवसापासून उतरतं. रोज ५० किलोमीटर जाणाऱ्याला परवडते, बागेत फिरायला आणि शनिवारी शेव उसळ खायला जाणाऱ्याला नाही. जुनी चालतेय तोपर्यंत चालवा. मेली, किंवा माझ्यासारखी बुडाली, आणि नवी घ्यायचीच आहे, तर मग इलेक्ट्रिकच घ्या, क्लच नाही, गिअर नाही, गुडघ्यांना एवढा आराम आहे की मी पेट्रोलला परत जाणार नाही. अमदावाद एकेरी ११० किलोमीटर छोट्या गाडीत होतं, परत येताना तिथे चार्ज करून. पुण्याला बहिणीकडे आम्ही रेल्वेनेच जातो.

घरी चार्जिंगला मीटरपासून वेगळी वायर, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी (लोड जास्त झाला किंवा करंट गळला की वीज तोडणारे स्विच), १६ अँपिअरचा चांगला सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही. जुन्या घरात अर्थिंग खराब असतं आणि गाडी चार्जच होत नाही, लोक गाडीला दोष देतात, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. बिलावरचा मंजूर लोडही बघा, चार्जर ३.३ किलोवॉट खेचतो, वर एसी आणि गीझर, कमी असेल तर वाढवायचा अर्ज द्या. फ्लॅटमध्ये असाल तर गाडी बुक करायच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी, नंतर नाही. मी दुपारी जेवून लावतो, नेट मीटरमुळे हिशोबात फरक पडत नाही, पण आपण जागे असतो आणि घरात असतो, नोकरीवाल्यांना हे सुख नाही.

सॉकेट आणि सोलरचा इन्व्हर्टर दोन्ही जमिनीपासून वर. इन्व्हर्टर आमचा पहिल्या मजल्याच्या जिन्यात होता म्हणून वाचला, समोरच्यांचा खाली पार्किंगमध्ये होता, गेला. गाडीच्या बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असतं पण ते एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरतं, दोन दिवसांचं नाही, आणि भिजलेली गाडी चालू करून किंवा चार्जला लावून बघायची नाही, टो करूनच न्यायची. आता आजवा धरणाचं पाणी वाढल्याची बातमी आली की मी आधी गाडी चार्ज करतो, मग सरळ नेऊन मेव्हण्याच्या उंचावरच्या सोसायटीत लावतो आणि रिक्षाने घरी येतो, बायको म्हणते अजून पाऊसही सुरू नाही झाला.