ओसीडीचा सराव फसतो कुठे? या चुका टाळा

कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिले की जीव भांड्यात पडतो. ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती यांचा आजार, ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, टिकून राहतो तो याच सुटकेमुळे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ओ. होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धांतात दोन पायऱ्या आहेत. आधी एखादी निरुपद्रवी गोष्ट भीतीशी जोडली जाते. मग ती भीती शमवणाऱ्या कृतीला दर वेळी सुटकेचे बक्षीस मिळते आणि कृती पक्की होत जाते. कृती केल्यामुळे भीती खोटी ठरण्याची वेळच येत नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीसमोर नेऊन त्यांची कृती रोखली आणि १९६६ मध्ये अशा दोन रुग्णांचे उपचार प्रसिद्ध केले. आजच्या ईआरपी उपचाराची, म्हणजे भीतीला सामोरे जाऊन कृती रोखण्याच्या सरावाची, सुरुवात तिथली. हा सराव फसतो तेव्हा सुटका बहुधा मागच्या दाराने आत आलेली असते.

छुपी कृती चालू ठेवणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते, कारण ती बाहेरून दिसत नाही. लोकलमधला दांडा धरला, हात धुतले नाहीत. पण दांडा दोनच बोटांनी धरला होता, किंवा मनात ‘घरी गेल्यावर आंघोळ करूच’ असे ठरवले होते. मेंदू यातून शिकतो ते एवढेच, की दोन बोटांमुळे वाचलो.

म्हणून दांडा किंवा दाराची कडी पूर्ण तळहाताने धरा आणि तोच हात उशीवर, मोबाइलवर, अंगावरच्या कपड्यांवर फिरवा. शौचानंतर आणि जेवणाआधी हात धुवायचेच, पण एकदाच, साबणाने २० सेकंद. जेवण झाल्यावर कडीला पुन्हा हात लावा, नाहीतर ते धुणेच नवी सुटका ठरते.

मनातल्या कृतींचेही हेच आहे. रोजची पूजा किंवा नामस्मरण हा आजार नव्हे. पण वाईट विचार आला म्हणून तो ‘पुसायला’ केलेला जप, मोजणी चुकली की पहिल्यापासून सुरू करावा लागणारा, ही कृतीच आहे. नको ते विचार आजार नसलेल्या माणसांच्या मनातही येतात, हे मानसशास्त्रज्ञ रॅकमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ मध्येच दाखवले. विचार आला तर येऊ द्या, त्याला उत्तर देऊ नका.

खात्रीसाठी पुन्हा तपासणे

नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी आजार नसलेल्या लोकांना संगणकावरची गॅसची शेगडी वारंवार तपासायला लावली. हे संशोधन २००३ चे. त्यांची आठवण चुकली नाही, पण ती धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास घटला. तपासण्यातूनच शंका वाढते ती अशी. रेग्युलेटर बंद करा, एकदा पाहा, निघा. नॉबचा फोटो काढून ठेवणे हेही तपासणेच.

घरच्यांनी धीर देत राहणे

‘अहो, कुलूप नक्की लागलंय ना?’ ‘हो गं, लागलंय.’ या प्रेमळ उत्तरालाही सुटकेचाच गुण आहे. त्याहून वाईट म्हणजे आठ वेळा नकार आणि नवव्यांदा कंटाळून ‘हो’. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय सर्वांत चिवट करते, हा प्रयोगशाळेत वारंवार दिसलेला नियम आहे. त्यामुळे एका रात्रीत उत्तरे तोडू नका. आधी एकत्र बसून वाक्य ठरवा: ‘हा प्रश्न आजाराचा आहे, उत्तर देणार नाही, पण मी तुझ्याजवळ बसतो.’ मग ते सर्वांनी पाळायचे, आजी-आजोबांनीही. सुरुवातीला प्रश्न वाढतील. बक्षीस बंद झाल्यावर असे होतेच, सराव चुकतोय असे समजू नका.

भीती शून्यावर येण्याची वाट पाहणे

भीतीच्या शिखरावर पळ काढला तर पळण्यालाच बक्षीस मिळते, हे खरे. पण दर मिनिटाला ‘कमी झाली का?’ असे पाहत बसणेही चूक. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या मांडणीनुसार जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवे शिक्षण उभे राहते. आणि अंदाज जितका जोरात चुकतो तितके ते पक्के होते. सरावाआधी कागदावर लिहा: काय होईल, कधीपर्यंत, किती खात्री (० ते १००). वेळ उलटल्यावर प्रत्यक्ष काय झाले ते खाली लिहा. ‘पुढच्या जन्मी शिक्षा होईल’ अशी भीती तपासता येत नाही. तिथे अंदाज बदला: ‘ही अनिश्चितता मला दोन तासही सहन होणार नाही.’

एकाच जागी सराव

नवे शिक्षण जागेला बांधलेले असते. घरच्या बेसिनपाशी जमले तरी एसटी स्टँडवर भीती परत येऊ शकते. म्हणून ऑफिस, नातेवाइकांचे घर, प्रवास, अशा निरनिराळ्या ठिकाणी आणि एकट्यानेही करा.

मूळ प्रसंग खणत बसणे

अनेकांना भीतीची सुरुवात करणारा प्रसंग आठवतच नाही. मौरर यांचा सिद्धांत तिथे तोकडा पडतो. आजार कसा टिकतो हे मात्र तो नेमके सांगतो, आणि उपचाराला तेवढे पुरते.

गोळीच्या आधाराने सराव

सरावापुरती घेतलेली शांत करणारी गोळी श्रेय स्वतःकडे घेते. ओसीडीसाठी रोज चालू असलेली एसएसआरआय औषधे (मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणारी) वेगळी; तीही आणि ती गोळीही मनाने बंद करू नका, मनोविकारतज्ज्ञांशी बोला. तीव्र नैराश्य असेल तर एकट्याने सराव सुरू करू नका. जीव देण्याचे विचार येत असतील तर लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

चुकून कृती झाली म्हणून दिवस सोडून देणे

हात धुतले गेले? लगेच कडीला पुन्हा हात लावा. जप झाला? तो विचार मुद्दाम परत आणा. कुलूप तपासले? ‘कदाचित लागले नसेल’ असे म्हणून चालू लागा. सुटका अपुरी राहिली की त्या कृतीचे बक्षीसही कमी होते. पुढचा सराव त्याच दिवशी, ठरल्या वेळी करा.