मक्यातील लष्करी अळीची पाहणी करताना या चुका टाळा

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम 2018 मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तेव्हापासून मक्यावरील फवारण्या वाढल्या, पण शेतात उतरून झाडे मोजण्याची सवय त्या मानाने फारशी रुजलेली दिसत नाही.

बांधावरून अंदाज बांधणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. कडेच्या ओळींवरून आतल्या पिकाची स्थिती कळत नाही. म्हणून बाहेरच्या तीन-चार ओळी सोडून नागमोडी फिरावे आणि पाच ठिकाणी प्रत्येकी 20 सलग झाडे तपासावीत, म्हणजे शंभरांपैकी किती झाडे प्रादुर्भावग्रस्त आहेत हे थेट कळते. झाडे निवडून पाहू नयेत, कारण नजर आपोआप कुरतडलेल्या पोंग्याकडे (झाडाच्या शेंड्यावरील गुंडाळलेल्या कोवळ्या पानांकडे) वळते आणि टक्केवारी फुगते.

दुसरी चूक जुनी इजा मोजण्याची. पोंग्यात असताना खाल्लेली पाने पुढे उलगडून बाहेर येतात आणि त्यांवर मोठी छिद्रे दिसतात, पण तोवर अळी कोषावस्थेत जाण्यासाठी जमिनीत उतरलेलीही असू शकते. त्यामुळे पोंग्यातील नवी दोन-तीन पाने उघडून ताजी, ओलसर विष्ठा आणि प्रत्यक्ष अळी शोधावी. याउलट लहान अळ्या पानाचा फक्त हिरवा भाग खरवडतात; ते पांढरे, कागदासारखे चट्टे किरकोळ समजून सोडले जातात, आणि खरे तर नियंत्रण सोपे असते ते याच वेळी. अंडी दोन-तीन दिवसांत उबतात, म्हणून रोपावस्थेत आठवड्यातून दोनदा फेरी हवी.

पानांवर एका ओळीत समान छिद्रे असतील तर ती बहुधा खोडकिडीची असतात. लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ची खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात.

मादीच्या गंधाने पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात (एकरी पाच) केवळ नर पतंग येतात. ल्युर (सापळ्यात लावलेले गंधाचे आमिष) जुना झाला असेल तर रिकाम्या सापळ्याला काही अर्थ नाही.

रोपावस्थेत पाच टक्के आणि पाच ते सात आठवड्यांच्या पिकात दहा टक्के झाडे ग्रस्त आढळल्यास उपाय योजावा. कणसात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र औषध पोहोचत नाही. तेथे अळ्या हाताने वेचणेच उपयोगी पडते.