समोरच्याला ब्रेक मारायला लावू नका

सोलापुरात मी नऊ वर्षं गाडी चालवली. सात रस्ता, आसरा चौक, जुना पुणे नाका, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतली गर्दी, सगळं पाठ. त्यामुळे लग्नानंतर लेस्टरला गेले तेव्हा लायसन्सची काळजीच वाटली नाही. ब्रिटनमध्येही डावीकडूनच चालवायचं, स्टिअरिंगही उजवीकडेच. तरी 2024 मध्ये प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाले आणि घरी येऊन रडले. आता होटगी रोडवरची माझी भाची शिकायला तिकडे निघाली आहे. तिला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत होते, ते इथे नीट लिहिते.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, ते सरकारी साइटवर आहे. एवढंच लक्षात ठेवा: आपल्या लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून 12 महिनेच गाडी चालवता येते, आणि ते बदलून तिथलं मिळत नाही. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, थिअरी, प्रॅक्टिकल, सगळं पहिल्यापासून. मी सात महिने नुसती बसून राहिले. मग प्रॅक्टिकलची तारीख मिळाली पाच महिन्यांनंतरची. वर्ष संपलं आणि हातात चावी असून शेजारी कुणीतरी बसवल्याशिवाय गाडी काढता येईना. तुम्ही पोचल्या पोचल्या प्रोव्हिजनलचा अर्ज करा.

आता खरं सांगायचं ते. माझी पहिली टेस्ट एका राउंडअबाउटवर, म्हणजे वळसा घालून जायच्या गोल चौकात गेली. उजवीकडून गाडी येत होती, पण लांब होती. मी आत शिरले. त्या माणसानं वेग थोडा कमी केला, हॉर्न नाही, काही नाही. मला तर वाटलं छान जमलं. शेवटी कळलं की तीच गंभीर चूक. छोट्या चुका 15 पर्यंत चालतात, गंभीर एकही नाही.

मला कितीतरी दिवस हे पटतच नव्हतं. तो थांबला ना, मग बिघडलं काय? सात रस्त्यावर आपण काय करतो? रिक्षावाल्याच्या डोळ्यांत बघतो, गाडीचं तोंड हळूच घालतो, तो दबला की आपण निघतो. समोरचा दबला म्हणजे आपल्याला चालवता येतं. तिथे नेमकं उलटं आहे. तुमच्यामुळे दुसऱ्याला वेग किंवा दिशा बदलावी लागली, की चूक तुमची. धडक होवो न होवो. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, आणि तो त्यानं तुमच्याकडून मागायचा नसतो.

दुसऱ्या वेळी मी उलट टोक गाठलं. जागा होती तरी गेले नाही, दोनदा. मागे रांग लागली. अकारण थांबून राहणं हीसुद्धा चूक धरतात, आणि त्या दिवशी ती गंभीर धरली. म्हणून भिऊन थांबणं हा यावर उपाय नाही.

उपाय मला बसमध्ये सापडला. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसायचे आणि प्रत्येक राउंडअबाउटला मनात म्हणायचे, ‘आत्ता जा’ किंवा ‘थांब’. मग उजवीकडच्या गाडीचा वेग बदलला असता का ते बघायचं. महिनाभरात नजर बसली. तुमचीही बसेल, घाबरू नका.

थिअरीतही हेच आडवं येतं. 50 प्रश्नांत 43 बरोबर लागतात, ते पाठांतरानं जमतं. त्यात माझे 47 आले. पण धोका ओळखायच्या 14 व्हिडिओ क्लिप्समध्ये, जिथे धोका दिसला की क्लिक करायचं असतं, 75 पैकी 44 हवेत आणि माझे 41 झाले. दोन्ही एकाच वेळी पास व्हावं लागतं, म्हणून पैसे पुन्हा भरले. आपल्या नजरेला फुटपाथवरचा प्रत्येक माणूस धोका वाटतो आणि आपण क्लिक करत सुटतो. फार क्लिक केले की त्या क्लिपला शून्य. ज्याच्यामुळे आपल्याला वेग किंवा दिशा बदलावी लागणार, तिथेच क्लिक करायचं. सराव सोलापुरातच सुरू करा: दादाच्या मागे गाडीवर बसलात की विजापूर रोडवर मोठ्यानं बोलत चला, ‘रिक्षा थांबतेय, माणूस उतरणार, आपण हळू.’

नवऱ्याकडून शिकू नका. माझा नवरा शांत माणूस आहे, तरी सांगते. घरचे लोक गाडी वाचवायला शिकवतात, टेस्ट पास व्हायला नाही. काचेवर हिरवा बिल्ला असलेला इन्स्ट्रक्टर घ्या. गुलाबी असेल तर तो अजून शिकाऊ आहे. मात्र बिल्ला बघून भुलू नका. माझा पहिला इन्स्ट्रक्टर ‘तुम्हाला येतंच की’ म्हणत तासाचे पैसे घेत राहिला. दुसरीनं पहिल्याच दिवशी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मी आरसा कुठे कुठे बघितला नाही ते मोजून सांगितलं. तिच्यामुळे मी पास झाले. टेस्टचा रस्ता व्हिडिओवर पाठ करण्यात दिवस घालवू नका, आणि जास्त पैसे घेऊन लवकरची तारीख देतो म्हणणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका.

अजून एक. टेस्ट सुरू व्हायच्या आधी 20 मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचायला लावतात. नाही वाचता आली तर गाडी सुरूही करू देत नाहीत. निघायच्या आधी इथेच डोळे तपासा, आणि चष्मा लागला तर दोन करून न्या.