टाचणात तंत्रज्ञान कुठे बसवावं? चंद्रकलांच्या एका पाठाची आखणी

काही वर्षांपूर्वी सातवीला चंद्रकला शिकवताना मी बारा मिनिटांचा व्हिडिओ लावला होता. चित्रण देखणं, निवेदन मराठीत, वर्ग चिडीचूप. तास छान झाला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "चंद्राची कोर का दिसते?" निम्म्याहून जास्त मुलांनी वहीत लिहिलं, "पृथ्वीची सावली पडते म्हणून." व्हिडिओत बरोबर कारण सांगितलेलं होतं. मुलांनी ते ऐकलंही होतं. पण त्या बारा मिनिटांत त्यांनी स्वतः काही केलं नव्हतं, कसला अंदाज बांधला नव्हता आणि त्यांचा अंदाज चुकलाही नव्हता.

त्या दिवसापासून मी टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, वेगळ्या क्रमाने लिहिते. तो क्रम याच पाठाच्या आधारे सांगते. त्यासाठी एक लॅपटॉप आणि शाळेतला एक प्रोजेक्टर किंवा टीव्ही पुरतो.

१. साधनांचा रकाना शेवटी भरा

टाचणाच्या वहीत घटक, अध्ययन निष्पत्ती आणि मग शैक्षणिक साधने हा क्रम आपल्या हाताला बसलेला आहे. साधनांपुढे "प्रोजेक्टर, व्हिडिओ" लिहिलं की रकाना भरतो, पण त्यातून पाठ उभा राहत नाही. त्याआधी एक ओळ लिहा : या पाठात मूल नेमकं कुठे अडतं?

चंद्रकलांमध्ये मुलं तीन ठिकाणी अडतात. पहिलं, कला आणि ग्रहण यांची गल्लत होते. दुसरं, चंद्र रोज संध्याकाळीच आणि साधारण त्याच जागी उगवतो असं वाटतं. तिसरी अडचण सगळ्यांत खोल आहे. पुस्तकातली आकृती वरून, अवकाशातून बघितल्यासारखी असते आणि मूल चंद्र बघतं ते अंगणात उभं राहून. पृथ्वीभोवती काढलेले आठ चंद्र आणि अंगणातली कोर यांची सांगड त्याला घालता येत नाही.

आता प्रत्येक अडचणीपुढे लिहा : हे फळ्यावर, हाताने किंवा पटांगणात होईल का? होत असेल तर तिथेच करा. पहिली आणि तिसरी अडचण चेंडू आणि दिव्याने सुटते. दुसरीसाठी मात्र पंधरा संध्याकाळी एका मिनिटात शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. ते फळ्यावर जमत नाही, संगणकावर जमतं. म्हणून लॅपटॉप तेवढ्यापुरताच.

२. आधी खरं आकाश

पावसाळ्यात हा पाठ आला तर मी तो मुख्याध्यापकांशी बोलून दुसऱ्या सत्रात नेते. ढगांनी झाकलेल्या आकाशाचा धडा शिकवण्यात अर्थ नाही. दिवाळीची सुट्टी मात्र यासाठी फार सोयीची आहे. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली बारीक कोर असते, आणि कितीतरी घरांत चंद्राला ओवाळायची रीत असल्यामुळे मुलं तशीही बाहेर येतात. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी साडेसहाला चंद्र बघायचा, एवढाच सुट्टीतला अभ्यास.

वहीच्या पानावर खाली क्षितिजाची रेघ, डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. मूल दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की दिशा अशाच येतात. रोज त्या दिवशीचा चंद्र जिथे दिसला तिथे काढायचा, शेजारी तिथी लिहायची. ढग आले किंवा गावाला गेलो तर तेवढी जागा कोरी ठेवायची. मागाहून मनाने भरायची नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा.

या अभ्यासाला फोन लागत नाही आणि ते मी ठरवूनच ठेवलंय. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. फोनवर अवलंबून असलेला गृहपाठ दिला की वर्गातली काही मुलं पहिल्याच दिवशी मागे पडतात, आणि तीच मुलं प्रत्येक वेळी मागे पडतात.

३. आदल्या दिवशीची तयारी

'स्टेलॅरियम' हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. जिथे इंटरनेट चांगलं आहे तिथे ते एकदा लॅपटॉपवर उतरवून घ्या. पुढे वर्गात इंटरनेट नसलं तरी चालतं. एफ-६ दाबून आपल्या गावाजवळचं शहर निवडा. एफ-५ दाबून भाऊबिजेची तारीख आणि संध्याकाळचे साडेसहा लावा. दृश्य दक्षिणेकडे वळवा आणि पूर्व-पश्चिम दोन्ही कडा दिसतील इतकं रुंद करा, म्हणजे पडदा मुलांच्या वहीतल्या पानासारखा दिसेल. बरोबरच्या चिन्हाची (=) कळ दाबली की तारीख एक दिवस पुढे जाते, वेळ तीच राहते. वजाची कळ एक दिवस मागे नेते. उद्याच्या तासाला एवढ्या कळा पुरतात.

हे सगळं रिकाम्या वर्गात, त्याच प्रोजेक्टरवर, एकदा करून बघा. शेवटच्या बाकावरून पडदा दिसतो का तेही बघा. खिडकीतून ऊन येत असेल तर पडद्यावर काही दिसत नाही, मग तास सकाळी घ्या किंवा खिडकीला चादर लावा. आणि वीज गेली तर काय, हे टाचणातच लिहून ठेवा. माझ्या टाचणात लिहिलेलं असतं : "वीज नसल्यास पायरी ५ पटांगणात, उन्हात."

४. पडद्याआधी अंदाज

हा माझा सगळ्यांत आवडता तास, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलांच्या वह्या उघड्या असतात. लॅपटॉप सुरू असतो, पण पडद्यावर अजून काही नाही. मी विचारते, "अष्टमीला साडेसहा वाजता चंद्र कुठे होता? वहीत बघून बोट दाखवा." बहुतेक बोटं वर, माथ्याच्या दिशेने जातात. ज्यांची पानं कोरी आहेत ती इतरांकडे बघून अंदाज करतात. मग पडदा उघडायचा आणि बरोबरच्या चिन्हाची कळ एकेक दिवस दाबत जायची. घाई नको. भाऊबिजेची कोर पश्चिमेला, रोज थोडी जाड, रोज थोडी पूर्वेकडे सरकलेली. अष्टमीला अर्धा चंद्र वर. पौर्णिमेला गोल चंद्र पूर्वेला नुकताच उगवलेला. मुलं वहीशी ताडून बघतात आणि "माझा बरोबर आला" असा आवाज उठतो. कोणाचा चंद्र चुकीच्या जागी असेल तर तोही बोलून दाखवायला लावा.

आणि मग पौर्णिमेनंतर आणखी दोनदा कळ दाबा. पडद्यावर चंद्रच नाही.

इथे थांबायचं. आपण काही बोलायचं नाही. "बाई, चंद्र गेला कुठे?" हा प्रश्न वर्गातून येतोच. त्यांना एकमेकांशी बोलू द्या. कोणी म्हणतं ढगात, कोणी म्हणतं संपला, आणि एखादं म्हणतं, "अजून उगवला नसेल." मग इंग्रजी 'जी' (G) अक्षराची कळ दाबा. पडद्यावरची जमीन नाहीशी होते आणि क्षितिजाखाली असलेला चंद्र दिसतो. हे फळ्यावर दाखवता येत नाही, व्हिडिओत बघूनही असं उमगत नाही, कारण तिथे हा प्रश्न मुलांनी विचारलेला नसतो.

लगेच संकष्टीचा विषय काढा. उपास सोडायला आजी चंद्रोदयाची वाट का बघत बसते, पौर्णिमेला अशी वाट का बघावी लागत नाही? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. मुलांना येत्या संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ काढायला सांगा आणि घरच्या कॅलेंडरशी ताडायला सांगा. उत्तर तंतोतंत जुळणार नाही, कारण हा उशीर रोज सारखा नसतो. त्यावरही बोला. कॅलेंडरमध्ये मुंबई आणि नागपूरच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या का छापतात, हा प्रश्न वर्गातल्या चटपटीत मुलांसाठी राखून ठेवा. स्टेलॅरियममध्ये शहर बदललं की दिसतं : नागपूर पूर्वेला, म्हणून तिथे चंद्र वीस-तीस मिनिटं आधी उगवतो.

पडदा एकूण पंधरा मिनिटं. मग प्रोजेक्टर बंद.

५. आता चेंडू हातात

आतापर्यंत काय घडतं ते दिसलं. का घडतं ते हाताने करूनच कळतं. वर्गात अंधार करा, मध्ये एक उघडा बल्ब लावा. प्रत्येक मुलाच्या हातात पेन्सिलीला खोचलेला थर्माकोलचा किंवा चिंध्यांचा पांढरा चेंडू. बल्ब म्हणजे सूर्य, मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून, चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरून, आपल्या डावीकडे हळूहळू गिरकी घ्यायची. कोर, अर्धा, पूर्ण आणि पुन्हा कोर, सगळं स्वतःच्या चेंडूवर दिसतं.

बल्बकडे पाठ झाल्यावर चेंडू खाली आणला की डोक्याची सावली त्यावर पडते. ते ग्रहण. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला असं होत नाही. सावलीची गल्लत इथे सुटते, आणि पुस्तकातली वरून काढलेली आकृती आता मुलं आपणहून वाचतात.

वीज नसेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात हेच करा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, ही सूचना आधी द्या.

६. कळलं का ते बघा

एकच प्रश्न : "कृष्ण अष्टमीला अर्धा चंद्र बघायचा असेल तर केव्हा उठावं किंवा जागावं?" हे पुस्तकात शोधून सापडत नाही, डोक्यात गिरकी घ्यावी लागते. उत्तरं पाटीवर घ्या. फोनने उत्तरं टिपायची असतील तर 'प्लिकर्स'ची कागदी कार्डं चांगली आहेत : मुलं कार्ड फिरवून पर्याय दाखवतात आणि शिक्षकाच्या एकाच फोनने ती वाचली जातात. पण वीसेक मुलांच्या वर्गात पाटीच जास्त उपयोगी, कारण तिच्यावर मूल कारणही लिहू शकतं.

इतर पाठांनाही हीच चाळणी लावते. भूमितीत 'जिओजेब्रा' या गणिताच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत नेला की कोन बदलत राहतात आणि बेरीज १८० अंशच राहते. तो ओढायला मुलालाच पुढे बोलवा. विद्युत मंडलासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची मोफत 'फेट' सिम्युलेशन्स आहेत, पण खरी तार, सेल आणि बल्ब यांच्या जागी ती नकोत. जे प्रत्यक्षात करणं धोक्याचं आहे, म्हणजे शॉर्टसर्किट, ते तिथे करू द्या. मराठीच्या तासाला फोनचा रेकॉर्डर काढा : मुलाने उतारा वाचायचा, स्वतःचं ऐकायचं, पुन्हा वाचायचं. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्य आदल्या रात्री 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर पूर्ण बघून उतरवून ठेवा आणि त्यातली लागतील तेवढीच दोन-तीन मिनिटं दाखवा. वाचनाचा सराव, अक्षर, तोंडी गणित, प्रयोगाची आकृती काढणं यांना मी पडदा लावतच नाही.

तास संपल्यावर टाचणाच्या त्याच पानावर, ताज्या आठवणीने, दोन ओळी लिहा. माझ्या मागच्या वर्षीच्या पानावर लिहिलंय : "'जी'ची (G) कळ लवकर दाबली, प्रश्न पुरता उठू दिला नाही. चेंडू तीन कमी पडले. एका मुलीने विचारलं : दिवसा दिसतो तो चंद्र कुठल्या तिथीचा? पुढच्या तासाची सुरुवात यानेच."