या चुका टाळा: इन्स्टाच्या जाहिराती मागे लागल्या की लोक हेच करतात

दादरला साडी घेतली आणि दोन दिवसांनी इन्स्टावर त्याच दुकानाची जाहिरात आली, की निकाल ठरलेला: ‘फोन आपलं बोलणं ऐकतो.’ मग माइकची परवानगी काढायची आणि निर्धास्त व्हायचं. सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक हीच, कारण तिच्यापायी खरं भोक तसंच उघडं राहतं.

गिरगावातल्या एका लग्नघरातला प्रकार. रानडे रोडवरून खरेदी झाली आणि काकांचा फोन शालू-पैठण्यांनी भरून गेला. त्यांनी एकेका अ‍ॅपचा माइक बंद केला; फरक शून्य. शेवटी भाच्याने जाहिरातीवरच्या तीन ठिपक्यांतून ‘ही जाहिरात मला का दिसते’ हे पान उघडलं. तिथे सरळ लिहिलं होतं की दुकानाने दिलेल्या यादीत तुम्ही आहात. बिल करताना काउंटरवरच्या पोराने ‘नंबर सांगा काका’ म्हटलं होतं, काकांनी सांगितला होता, आणि इन्स्टाचं खातंही त्याच नंबरवर. दुकानं अशी यादी इन्स्टा-फेसबुकच्या मालक कंपनीकडे, मेटाकडे, चढवतात. नंबरांचा हॅश, म्हणजे सांकेतिक रूप, तिथल्या खात्यांशी जुळवलं जातं. ऐकायची गरज कुणाला?

माइकची शंका फिटत नसेल तर स्क्रीनच्या वरच्या कडेला ठिपका बघा: माइक चालू असताना अँड्रॉइड १२ पासून हिरवा, आयफोनवर केशरी. आणि काउंटरवर नंबर देऊ नका, कागदी बिल मागा. नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. मागे रांग खोळंबली म्हणून भिडेखातर नंबर देणारे सगळ्यात जास्त. आधीच दिला असेल तर इन्स्टाच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, अ‍ॅड प्रेफरन्सेस, अ‍ॅड सेटिंग्ज, ऑडियन्स-बेस्ड अ‍ॅडव्हर्टायझिंग असं जा. दुकानाचं नाव निवडून यादीचा वापर नाकारा. हे दुकानागणिक करावं लागतं. एका फटक्यात सगळं बंद करणारं बटण शोधत बसू नका.

दुसरी लाडकी चूक म्हणजे अर्धवट सफाई. खरेदीच्या साइट आणि अ‍ॅप तुम्ही काय पाहिलं, काय टोपलीत टाकलं हे मेटाला कळवत असतात. अकाउंट्स सेंटरमध्ये ‘युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’ (म्हणजे मेटाबाहेरच्या तुमच्या हालचाली) इथे हा हिशेब दिसतो. लोक ‘क्लिअर प्रीव्हियस अ‍ॅक्टिव्हिटी’ दाबून मोकळे होतात. त्याने फक्त मागचं निघतं, उद्यापासून वही पुन्हा भरते. खाली ‘मॅनेज फ्यूचर अ‍ॅक्टिव्हिटी’ आहे, तिथून ‘डिसकनेक्ट फ्यूचर अ‍ॅक्टिव्हिटी’ करायचं. मात्र त्याआधी फेसबुकच्या लॉगिनने कुठल्या अ‍ॅपमध्ये शिरता ते बघा आणि तिथे ईमेल-पासवर्ड करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दार बंद. घाईचे लोक हीच पायरी गाळतात आणि मग सगळं पूर्ववत करून बसतात.

अँड्रॉइडवर अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातदारांना फोन ओळखू देणारा क्रमांक) ‘रिसेट’ करणं हाही तोच प्रकार: जुनी पाटी पुसून नवी हातात देणं. गूगलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्सखाली ‘डिलीट’ आहे, ते वापरा. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग. तिथे अ‍ॅपना ‘माग काढू का’ असं विचारायलाच मनाई करा.

इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, फेसबुकला लॉगिन केलंत तर उपयोग काय? इंटरनेटवरचा पत्ता लपवणाऱ्या व्हीपीएनचंही तेच. ‘प्रायव्हसी क्लीनर’ नावाची फुकट अ‍ॅप टाकूच नका, कॉन्टॅक्ट मागतात. ‘मी फेसबुकला परवानगी देत नाही’ हा फॉरवर्ड चिकटवून काही होत नाही. खातं उघडताना अटी मान्य केल्या त्या केल्या.

मुलांच्या बाबतीत मात्र पालकच घोळ घालतात. दहा वर्षांच्या पोराचं खातं उघडता यावं म्हणून जन्मसाल मागे ढकलतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने. पण कागदावर पोरगं पंचवीसचं असेल तर ती मनाई त्याच्या कामाची नाही.

एवढं करून लगेच फीड ओढून बघू नका. डिसकनेक्ट व्हायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. जाहिरातींची संख्या तशीच राहील, फक्त शालूंच्या जागी कसल्यातरी भलत्याच येतील.