पहिला नांगर विकला जाईपर्यंतची दोन वर्षे

किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि तो विकला जायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही हकिकत आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेली असते आणि तिचा अर्थ ‘चिकाटी ठेवा’ एवढाच लावलेला असतो. मीही तसाच लावला होता. ती दोन वर्षे त्यांनी कशाच्या आधारावर काढली, हा प्रश्न मला पडला तेव्हा माझ्या शेडमध्ये तेहतीस टोकण यंत्रे, म्हणजे ठराविक अंतरावर जमिनीत बी घालणारी यंत्रे, न विकता उभी होती.

सोयाबीन टोकण्याचे हाताने ढकलायचे यंत्र मी तयार केले होते. जानेवारीतल्या एका कृषी प्रदर्शनात ते मांडले, तेव्हा लोकांनी ते हातात घेऊन चालवून पाहिले, कौतुक केले आणि ११२ जणांनी वहीत नाव व फोन नंबर लिहून दिला. तिघांपैकी एकाने घेतले तरी जवळजवळ चाळीस यंत्रे जातील असा हिशेब करून मी नोकरी सोडली, कर्ज काढले आणि चाळीस यंत्रे एकदम बनवून घेतली. एका यंत्राचा खर्च ४,२०० रुपये होता, म्हणजे १,६८,००० रुपये लोखंडात गेले. त्या हंगामात सात यंत्रे विकली गेली.

या ठिकाणी मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण नवा माणूस नेमका इथेच फसतो. वहीत नाव लिहिणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही. तो खोटे बोलत नसतो, त्याला यंत्र खरोखर आवडलेले असते. पण आवडणे जानेवारीतले असते आणि खरेदी जूनमधली. पहिल्या पावसानंतर वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाली, की पेरणीसाठी मोजके दिवस हातात असतात आणि मजुरांच्या टोळ्या आधीच ठरलेल्या असतात. त्या दिवसांत अनोळखी अवजाराचा प्रयोग करणे म्हणजे वर्षभराचे पीक पणाला लावणे, हे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. प्रदर्शनातच ‘पाचशे रुपये इसार ठेवा, मेअखेर यंत्र घरपोच देतो’ असे म्हटले असते तर कदाचित सहा जणांनीच पैसे काढले असते आणि मी सहाच यंत्रे केली असती.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. विकलेल्या सातपैकी चार यंत्रांची चोच, म्हणजे जमिनीत शिरून बी सोडणारे टोक, काळ्या, चिकट रानात मातीने बुजू लागली. दोष लहान होता. चोचीचा आकार बदलून नवी डाय (साचा) करायची होती. पण सगळे पैसे जुन्या चोचीच्या यंत्रांत अडकले होते, बँकेचे व्याज दरमहा चालू होते आणि पुढची पेरणी अकरा महिने लांब होती. चूक कळली तेव्हा ती दुरुस्त करायला पैसे उरले नव्हते. पहिल्या नमुन्यात चूक असणारच आहे, असे गृहीत धरा आणि ती सुधारण्याचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा.

आता किर्लोस्करांकडे पुन्हा पाहा. नांगराच्या आधी कित्येक वर्षे त्यांचे आणि बंधू रामूअण्णांचे बेळगावात सायकलींचे दुकान होते, लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षकाची नोकरी केलेली होती आणि कडबा कापण्याचे यंत्रही बाजारात आलेले होते. घरखर्च नांगरावर अवलंबून नव्हता, म्हणून नांगराला दोन वर्षे मिळाली. केवळ चिकाटीवर माणूस दोन वर्षे काढू शकत नाही. नोकरी सोडण्याला शौर्य समजणाऱ्यांचा सल्ला कृपा करून ऐकू नका. तुमचे उत्पादन सलग दोन हंगाम विकले जाईपर्यंत पगार चालू राहू द्या.

मार्गदर्शकांविषयी माझे मत कठोर आहे. ज्याने स्वतः कधी वसुलीसाठी दुकानदाराच्या दारात उभे राहून पाहिलेले नाही, त्याच्याकडून सादरीकरण कसे करावे एवढेच शिकता येते. माझे खरे मार्गदर्शक म्हणजे गावातला वेल्डर आणि माझे यंत्र परत करणारे एक वयस्कर शेतकरी. मदतीचा जवळचा मार्ग शोधणाऱ्यांनी औंधची गोष्ट नीट वाचावी. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडलजवळ ३२ एकर माळरान दिले आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पण त्याआधी लक्ष्मणराव औंधला मंदिराच्या सभामंडपाचे काम करत होते. राजांनी त्यांचे हात चालताना पाहिले होते.

हे सारे वाचून कोणी घाबरून मागे फिरू नये, असे मला मनापासून वाटते. लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते आणि रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर त्यांना ती सोडावी लागली. यांत्रिक रेखाटन त्यांच्या हाती लागले ते त्यानंतर. एक वाट बंद झाली म्हणून हातातले कौशल्य नाहीसे होत नाही. मी पुन्हा नोकरी धरली, कर्जाचे हप्ते फेडले आणि दीड वर्षाने नवी चोच केली. तेहतीसपैकी चोवीस यंत्रांना ती बसवता आली.

यंत्र परत करणाऱ्या त्या काकांकडे मी गेल्या मे महिन्यात नवी चोच घेऊन गेलो. त्यांनी ती ओल्या मातीत दाबून पाहिली आणि ‘अर्धा एकर तूच टोकून दाखव, मग बोलू’ एवढेच सांगितले. जूनमध्ये मी दोन दिवसांची रजा काढून त्यांचे अर्धा एकर टोकून दिले. रोपे उगवून आल्यावर त्यांचा फोन आला, आणि पुढच्या हंगामासाठी तीन यंत्रांचा इसार त्यांच्या भावकीतून जमा झाला.